चीर नसलेलं पोलाद

ऑक्टोबर संपत आला की स्टुटगार्टच्या या चढावरच्या रस्त्यांना एक ओला, आंबूस वास येतो. बीचच्या झाडांखाली कुजणारी पानं, तळघरातल्या पिंपांत मुरत ठेवलेला सफरचंदाचा रस आणि सकाळी पेटवलेल्या कोळशाच्या शेगड्या, असा तिन्हींचा मिळून. आमचं घर रस्त्याच्या अगदी टोकाला आहे. त्यापुढे जंगल. दोन आठवड्यांपूर्वी रविवारी सकाळी त्या जंगलातून लागोपाठ दोन बार ऐकू आले. उषा पुण्याहून पार्सलने आलेली भाजणी भिजवत होती. म्हणाली, "अहो, इथेसुद्धा दिवाळीचे फटाके?"

लग्न होऊन ती इथे आली त्याला जेमतेम पाच महिने झालेत. मी म्हणालो, "फटाके नाहीत ते. शिकारी आहेत. रानडुकरांचा हंगाम सुरू झाला."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी एका शिकाऱ्याच्या घरी राहत होतो."

पिठातले हात तसेच ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं. "मग कधी बोलला नाहीत ते?"

खरंच बोललो नव्हतो. तिच्याशी नाही, कुणाशीच नाही. सात वर्षं झाली. दर शरद ऋतूत हा वास येतो, मी खिडकी लावून घेतो, आणि पहिला बर्फ पडेपर्यंत जंगलाच्या बाजूला फिरायला जात नाही.

पन्नासच्या दशकाचा शेवट होता. मी सव्वीस वर्षांचा, पुण्याहून धातुशास्त्र शिकून आलेला, आणि पोलादाला चिरा का पडतात यावर इथल्या तांत्रिक विद्यापीठात प्रबंध लिहीत होतो. शहरात खोली मिळणं कठीण. बॉम्बनी पडलेली घरं अजून पुरती उभी राहिली नव्हती. कुणीतरी बसने चाळीस मिनिटांवरच्या एका खेड्यातला पत्ता दिला. हेर हाउग आणि फ्राउ हाउग, पासष्टीच्या आसपासचं जोडपं. मूलबाळ नाही. तिरक्या छपराची वरची खोली मला मिळाली. सकाळी उठताना डोकं वाशाला आपटायचं आणि खालून फ्राउ हाउग ओरडायच्या, "हेर बापट, कॉफी!" जणू त्या आवाजाची वाटच बघत असायच्या.

हेर हाउगनी आयुष्यभर लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावली होती. पोलादाच्या पात्यावर नख मारून नुसत्या आवाजावरून ते सांगत, हे टिकेल, हे मोडेल. माझ्या यंत्रांना जे दिवसभर लागायचं ते त्यांच्या कानाला क्षणात कळायचं, त्यामुळे आमचं पटलं. फक्त एक गोष्ट मला खटकायची. बोलताना ते माझ्या तोंडाकडे कधी बघत नसत. नजर माझ्या डाव्या कानाच्या जरा बाहेर असायची. मला वाटायचं, सावळा चेहरा समोर बघायची म्हाताऱ्याला सवय नाही, आणि टक लावून बघणं बरं दिसत नाही म्हणून बिचारा नजर बाजूला घेतो. सुरुवातीला वाईट वाटलं. मग सवय झाली.

बैठकीच्या खोलीतल्या कपाटात त्यांची रायफल असे. जुन्या लष्करी नमुन्याची, बोल्टची. म्हणजे मूठ धरून पोलादी दांडा मागे ओढायचा, रिकामं काडतूस उडतं, पुढे ढकलून मूठ खाली दाबायची, नवं काडतूस नळीत बसतं. युद्ध संपल्यावर अमेरिकन फौजांनी सगळी हत्यारं जमा करायला लावली, तेव्हा हाउगनी ती चरबी लावलेल्या कापडात गुंडाळून गोठ्याच्या फरशीखाली पुरली होती. जर्मनांना पुन्हा शिकारीची परवानगी मिळाल्यावर ती बाहेर निघाली. फ्राउ हाउग एकदा म्हणाल्या, "तेवढी वर्षं मी त्या फरशीवर पाय दिला नाही. गाईला वळसा घालून जायचे."

शनिवारी संध्याकाळी गावातल्या गास्टहाउसमध्ये, म्हणजे खाणावळवजा गुत्त्यात, शिकाऱ्यांचं ठरलेलं टेबल असे. हाउग मला बरोबर न्यायचे. मातीच्या सुरयांमधून सफरचंदाची आंबट वाइन यायची, कांद्याचा गरम केक यायचा, ओले लोकरी कोट शेगडीजवळ वाफाळत असायचे. आणि भांडण एकच: हाउगची जुनी रायफल चांगली की बॉयर्लेंची नवी?

बॉयर्ले म्हणजे गावातले बेकर. लालबुंद चेहरा, पिठाने कायमचे पांढरे झालेले हात, पायाशी आस्टा नावाची दाढीवाली तपकिरी कुत्री. हाउगचे ते शाळेपासूनचे मित्र.

"हाउग, तुझी ती बंदूक नाही रे, दाराचा अडसर आहे."

"अडसरच आहे! चिखलात टाक, बर्फात टाक, बोल्ट ओढला की काडतूस बाहेर. तुझ्या त्या नव्या घड्याळात वाळूचा एक कण गेला तर काय करशील? डुकराला सांगशील, थांब बाबा, जरा पुसून घेतो?"

टेबल खदखदून हसायचं.

"माझा बोल्ट लोण्यातून सुरी जावी तसा जातो."

"जाणारच. बेकरच्या हाताला दुसरं काय असणार!"

मग एका शनिवारी बॉयर्लेंनी ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, "मग गेल्या हंगामात तीस पावलांवरून दोन डुकरं सुटली कशी? तुझ्यासारख्याच्या हातून? माझं ऐक, बोल्ट ढिला झालाय. इतक्या वर्षांनी पोलादही थकतं. विचार या हेर डॉक्टरांना, थकतं की नाही?"

मी अजून डॉक्टर झालो नव्हतो. पण तोवर त्या टेबलावर मला सगळे नुसतं 'तो भारतीय' म्हणत. मी सरसावून बसलो. "थकतं," मी म्हणालो. "चिरा पडतात. बारीक, नुसत्या डोळ्याला न दिसणाऱ्या."

हाउग माझ्या कानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माझी बंदूक चुकत नाही. तपासा. घेऊन जा बोल्ट तुमच्या प्रयोगशाळेत, आणि जे असेल ते लिहून द्या."

सगळ्यांनी टेबलावर मुठी आपटल्या. पंच ठरला.

सोमवारी रुमालात बांधलेला तो बोल्ट मांडीवर घेऊन मी बसमध्ये बसलो होतो, तेव्हाचा माझा तो ताठा आठवला की आजही मान खाली जाते. प्रयोगशाळेत मी तो पातळ तेलात बुडवून ठेवला, कोरडा पुसला, वर खडूची पांढरी पूड भुरभुरवली. चीर असली तर आत शिरलेलं तेल हळूहळू पाझरतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. मी भिंग घेऊन तासभर बसलो. खडू स्वच्छ पांढरा राहिला. फार सुंदर पोलाद होतं ते.

घरी आलो तर फ्राउ हाउग स्वयंपाकघरात कोबी किसत होत्या. हिवाळ्यासाठी मोठ्या मातीच्या बरणीत थरावर थर: कोबी, मीठ, कोबी, मीठ. हाताला खारट वास. हेर हाउग बाहेर लाकडं फोडत होते. कुऱ्हाडीचे घाव ऐकू येत होते.

"सापडली चीर?"

"नाही. उत्तम आहे."

त्यांचा हात थांबला नाही. किसता किसताच म्हणाल्या, "सापडू द्या."

मला वाटलं, माझं जर्मन कमी पडलं. "म्हणजे?"

"लिहा की चीर आहे. केसाएवढी. तुम्ही लिहिलंत तर ते मानतील."

"पण ती नाही, फ्राउ हाउग."

तेव्हा त्यांनी हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "त्यांना दिसत नाही. दोन वर्षं झाली. कडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे बघतील तिथे राखाडी डाग. तुम्हाला वाटतं ते तुमच्या कानाकडे बघतात? कानाकडे बघितलं तर तुमचा चेहरा थोडा तरी दिसतो. डॉक्टर म्हणाले, चष्म्याने काही होणार नाही. कुणाला बोलायचं नाही अशी शपथ घातलीय मला. आत्ता मोडतेय."

बाहेर कुऱ्हाड पडत होती. एक घाव, लाकडाचे दोन तुकडे. एकही घाव चुकत नव्हता. लाकूड हाताने चाचपून ठेवत असणार.

"बंदूक खराब झाली असं कळलं तर ते शिकार सोडतील. नवी घेणार नाहीत, मला माहीत आहे. पण डोळे गेले म्हणून सोडणार नाहीत. मरतील, पण म्हणणार नाहीत."

"त्याखाली माझी सही असेल," मी म्हणालो.

"सहीच तर हवीय."

त्या रात्री मी उशिरापर्यंत खोलीत बसून होतो. हे लिहिताना स्वतःला चांगलं दाखवायचा मोह होतो, म्हणून सरळच सांगतो: मला त्या बाईंची दया आली नाही असं नाही. पण त्याहून जास्त मला माझी पडली होती. चार वर्षं मी चिरा शोधायला शिकत होतो. नसलेली चीर आहे म्हणून लिहायचं, ते आपल्याने व्हायचं नाही असं वाटलं. शिवाय माझ्या प्राध्यापकांच्या कानावर गेलं तर? आलेखाच्या कागदावर, सुवाच्य जर्मनमध्ये मी लिहिलं: बोल्ट तपासला, कुठेही चीर नाही, पोलाद निर्दोष आहे. खाली सही.

त्यात खोटं काही नव्हतं. पण मला दोन गोष्टी माहीत होत्या आणि मी एकच लिहिली. बॉयर्लेंच्या बेकरीत जाऊन दुसरी सांगायला मला पाच मिनिटं लागली असती. घरातली गोष्ट, त्यांची शपथ, आपण परके, असं म्हणत मी गेलो नाही. खरेपणा म्हणून मी जो मिरवत होतो तो एवढाच होता.

शनिवारी टेबलावर मी कागद वाचून दाखवला. आरडाओरडा झाला, सुरया पुन्हा भरल्या गेल्या. हाउगनी कागदाची घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. बॉयर्ले हसले नाहीत. वाकून आस्टाचे कान कुरवाळत बसले. मला वाटलं, हरले म्हणून वाईट वाटलं असेल.

नोव्हेंबरात हाक्याची शिकार होती. रान उठवायला हाकारे लागतात, हाउग मला म्हणाले, "चला, प्रबंधात हे मिळणार नाही." फ्राउ हाउगनी दारात मला स्वतःचा लाल मफलर दिला. "बाहेरून बांधा. दिसेल असा." तेवढंच. नवऱ्याला त्या काही म्हणाल्या नाहीत. त्यांच्या कोटाची बटणं लावली आणि आत गेल्या.

दिवस लख्ख होता. गवतावर दहिवर, श्वासाची वाफ, बीचच्या पानांचा तांबूस सडा. पाऊल टाकलं की कागद फाटल्यासारखा आवाज. आम्ही दहाबारा हाकारे ओळीने, काठ्यांनी बुंध्यांवर ठोकत, "होप, होप" करत चाललो होतो. रानाच्या पलीकडच्या कडेला शिकारी उभे. दोन हाके झाले, काही डुकरं पडली. तिसरा आणि शेवटचा हाका दुपारी तीनच्या सुमाराला. मला उजव्या टोकाला ठेवलं होतं. माझ्यापुढे आस्टा वाळलेल्या नेच्यांतून नाक खाली घालून धावत होती. नेचे हलायचे, तिची तपकिरी पाठ दिसायची, पुन्हा नाहीशी व्हायची. पुढे झाडी संपून उजेड दिसायला लागला. आस्टा उजेडाकडे झेपावली.

एकच बार झाला. कानात शीळ घुमली. माझ्या आणि त्या कुत्रीच्या मध्ये वीस पावलं होती.

मी खाली बसलो. कुणीतरी "थांबा! थांबा!" ओरडत होतं. बॉयर्ले धावत आले, नेच्यांत गुडघ्यांवर बसले. आस्टाचे पाय थोडा वेळ हलले. मग थांबले. कडेला, चाळीसेक पावलांवर, हाउग रायफल धरून उभे होते. मान जरा वळवून, त्या बाजूने काही दिसतंय का ते बघत.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं. "बॉयर्ले? डुक्कर पडलं का?"

माणसं जमा झाली. बॉयर्ले उठले. त्यांच्या बाह्यांना रक्त होतं. हाउगजवळ जाऊन त्यांनी रायफल काढून घेतली, बोल्ट मागे ओढला, काडतूस बाहेर पाडलं. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काय सांगत होतो मी? हा जुना बोल्ट! लावताना आपोआप सुटली गोळी. तुझ्या हातात काही नव्हतं, हाउग. टाकून दे ही बंदूक." मग माझ्याकडे वळले. "हेर डॉक्टर, होतं ना असं कधी कधी?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते डोळे मला विनवत होते. ते काय मागतायत ते त्या क्षणी मला समजलं. मी म्हणालो, "हो. होऊ शकतं. जुन्या बोल्टचं होतं असं."

हाउगनी माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. सावकाश आतल्या खिशात हात घातला आणि घडी केलेला कागद काढला. वाचता येत नव्हता, पण पाठ होता. "'कुठेही चीर नाही. पोलाद निर्दोष आहे.' तुम्हीच लिहिलंय, हेर बापट." मग बॉयर्लेंना म्हणाले, "काय आहे तिथे? काय मारलं मी?"

"आस्टा," बॉयर्ले म्हणाले.

हाउगनी कागदाची पुन्हा घडी घातली. मग म्हणाले, "बंदूक चांगली आहे. मला दिसत नाही." इतक्या लोकांसमोर. शब्दाशब्दाला थांबत, जणू ते वाक्य परक्या भाषेतलं होतं.

बॉयर्लेंनी कोट काढून आस्टाला त्यात गुंडाळलं. गाडीपर्यंत आम्ही दोघांनी मिळून तिला नेलं. वाटेत ते म्हणाले, "दोन वर्षं मी त्या बंदुकीला नावं ठेवतोय. कशासाठी वाटलं तुम्हाला?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"तो पूर्वी दुकानात बोट दाखवून पाव मागायचा. आता हाताने चाचपतो. मी त्याला दर वेळी टेकाडाकडे तोंड करून उभा करायचो, गोळी चुकली तर मातीत जावी म्हणून. आज त्याने जागा स्वतः निवडली. म्हणाला, आता कोण काय बोलणार, माझ्याकडे कागद आहे."

"तुम्ही त्यांना सरळ का नाही सांगितलंत?"

ते थांबले. ओझं दोघांच्या हातात होतं, म्हणून मलाही थांबावं लागलं. "तुम्ही का नाही सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

त्या टेबलावरचा प्रत्येक शब्द मला कळत होता. अडसर, घड्याळ, लोणी, सगळं. मी सगळ्यांबरोबर हसतही होतो. ती थट्टा म्हणजे म्हाताऱ्या मित्रासाठी उघडून ठेवलेलं दार होतं, हे एकट्या मला कळलं नाही. आणि ते दार मी सहीनिशी बंद केलं.

हाउगनी रायफल कचेरीत जमा केली, परवानाही परत दिला. ते गास्टहाउसला जायचे थांबले. शेगडीजवळच्या खुर्चीत बसून राहत. माझी पावलं जिन्यावर वाजली की मान वळवत, पण बोलत नसत. फ्राउ हाउग सकाळी कॉफी ठेवायच्या. हाक मारायच्या नाहीत. जानेवारीत मला शहरात खोली मिळाली. बस फार लांब पडते, मी सांगितलं. तेही खोटंच होतं, आणि या वेळी सहज जमलं. पुढे प्रबंध झाला, इथल्याच एका कारखान्यात नोकरी लागली. दर नाताळला मी त्यांना कार्ड पाठवत राहिलो. उत्तर आलं नाही. या उन्हाळ्यात मात्र काळ्या काठाचं पाकीट आलं. हेर हाउग वारले होते; अंत्यविधीचा दिवस आत लिहिला होता. मी गेलो नाही.

हे सगळं उषाला सांगून होईपर्यंत भाजणी कोरडी पडली होती. ती म्हणाली, "तुम्ही चीर आहे म्हणून लिहायला हवं होतं." इतक्या सहज, की मला रागच आला. मग ती म्हणाली, "आणि आता त्या बाई एकट्या असतील ना तिथे?"

परवाच्या रविवारी आम्ही बसने गेलो. फ्राउ हाउग फार वाकल्या आहेत. त्यांनी उषाचे दोन्ही हात हातात घेतले, आम्हाला बसवलं, केक कापला. तो सगळा हिवाळा हेर हाउग खुर्चीतच होते, त्या सांगत होत्या. मार्चमध्ये बॉयर्ले आले, कुत्र्याचं कोवळं पिल्लू घेऊन, आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. "त्यानंतर दर रविवारी दोघं हातात हात घालून जंगलात जायचे. मचाणावर बसायचे. बॉयर्ले सांगायचे, हरिणी आली, दोन पिल्लं आहेत, आता डावीकडे गेली. शेवटी शेवटी तर हेच आधी सांगायचे, आवाजावरून."

"मग ते सुखात होते," मी म्हणालो. माझा मलाच तो स्वर केविलवाणा वाटला.

"शेवटची वर्षं, हो."

मला राहवलं नाही. "फ्राउ हाउग, तुम्ही मला माफ केलंत का?"

त्यांनी सुरी बशीत ठेवली. "आस्टाबद्दल केलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिच्या मागेच होतात, गोळी तुम्हालाही लागली असती, हे मला बॉयर्लेंनी सांगितलं. तुम्हालाही शिक्षा झालीच. पण तो हिवाळा... चार महिने हा माणूस भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्याबद्दल नाही."

उषाला जर्मन अजून येत नाही. तिने माझा चेहरा पाहिला आणि हळूच विचारलं, "काय म्हणाल्या त्या?"

काहीतरी बरं सांगून वेळ मारून नेता आली असती. मी तिला शब्दाला शब्द सांगितलं.